यात वारा धरलेला नाही

वॅटोबाला सकाळी 'काय, कसं काय?' असं कधी विचारू नये. आपण तब्येतीची चौकशी करतो आणि तो आकडा सांगतो. "एकशे त्रेचाळीस." मग थांबतो. आपल्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही तर दुसरा आकडा येतो, हा दशांश चिन्हाचा. "एक पॉइंट नव्व्याण्णव." तरी आपण ढिम्म. मग तो हेल्मेटचा पट्टा सोडवत, मान जराशी तिरकी करत ते वाक्य टाकतो, ज्यासाठी तो पुण्यात प्रसिद्ध आहे. निदान राजाराम पुलापासून डोणज्यापर्यंतच्या पुण्यात.

"अर्थात, यात वारा धरलेला नाही."

मूळ नाव त्याला आहे, पण ते आता आधार कार्डावर आणि सासुरवाडीतच उरलंय. सायकलवाल्यांच्या प्रत्येक कंपूत एक वॅटोबा असतो. पुण्यातल्या कंपूंत दोन असतात, कारण पहिल्याचा आकडा खोटा आहे हे सांगायला दुसरा लागतो. आमच्या वॅटोबाने सायकल घेतली ती डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलवरून दम दिला म्हणून. पहिले काही महिने माणूस सुखात होता. खडकवासल्याला जायचा, भजी खायचा, कोलेस्टेरॉल जिथल्या तिथे ठेवून परत यायचा. मग कोणीतरी त्याच्या फोनवर स्ट्राव्हा हे सायकलफेऱ्या नोंदवणारं ॲप टाकून दिलं. स्ट्राव्हा अमेरिकेत २००९ साली सुरू झालं, आणि त्याआधी पुण्यात कोणी सायकल चालवत नव्हतं अशी वॅटोबाची तेव्हापासून समजूत आहे. त्याचे स्वतःचे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात आयुष्यभर सायकलने गेले. ऊन, पाऊस, डबा, सगळं घेऊन. पण वॅटोबाच्या लेखी ते सगळं 'नोंद नाही' या सदरात मोडतं.

त्याच्याकडे ताकद मोजायचं यंत्र नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. फोन आहे. तो जर्सीच्या मागच्या खिशात केळ्याशेजारी असतो. फोनला पायांची काडीमात्र माहिती नसते. आपण कुठे आहोत हे त्याला उपग्रहांकडून साधारण सेकंदाला एकदा कळतं, तिथली उंची नकाशावरून कळते, आणि तुम्ही स्वतःचं नि सायकलचं जे वजन सांगाल ते तो मुकाट्याने खरं मानतो. बाकी सगळं शाळेतलं गणित. एवढं वजन एवढ्या वेळात एवढं वर गेलं, टायर रस्त्याला एवढे घासले, अंगावर एवढी हवा आली, म्हणजे पायांनी एवढं काम केलं असणार. यातलं 'असणार' महत्त्वाचं. हवा अगदी निपचित पडली आहे असं गणित धरून चालतं. तुमच्या पुढे आडोशाला कोणी नाही, असंही धरून चालतं. आणि आकड्याशेजारी बारीक करड्या अक्षरांत 'अंदाजे' असं लिहिलेलं असतं. वॅटोबाला चाळिशी लागून बरीच वर्षं झाली. करडं त्याला दिसत नाही.

आता यातली गंमत अशी, की सिंहगडावर हा अंदाज मुळीच वाईट नसतो. पायथ्यापासून वाहनतळापर्यंत रस्ता साधारण ९ किलोमीटरचा आणि चढ ६०० मीटरच्या आसपास. वॅटोबाला त्याला ६२ मिनिटं लागतात, म्हणजे ताशी ९ किलोमीटरचाही वेग पडत नाही. या वेगाला हवा काय वाकडं करणार? त्याच्या १४३ वॅटपैकी १३० गुरुत्वाकर्षण खातं, दहा टायर खातात आणि हवेच्या वाट्याला येतात जेमतेम तीन. त्यातून घाट वळणावळणाचा, वारा या वळणाला तोंडावर तर पुढच्या वळणाला पाठीवर. म्हणजे हा गृहस्थ ज्या रस्त्यावर वाऱ्याच्या नावाने सर्वांत जास्त गळा काढतो, तिथे वाऱ्याचा हिशेबच चिल्लर आहे. हे सगळं मी त्याला पिठलं-भाकरीच्या कागदामागे मांडून दाखवलं. त्याने कागद नीट पाहिला, घडी घातली, खिशात ठेवला.

"बरोबर आहे तुझं," तो म्हणाला. "पण यात वारा धरलेला नाही."

दुसरी भानगड वजनाची. ॲप घेतलं तेव्हा त्यात वजन विचारलं होतं, आणि वॅटोबाने ७२ किलो लिहिलं. हे वजन खरं होतं, फक्त लग्नाच्या वेळचं होतं. आज घरातला काटा ८४ दाखवतो. दोन-तीन वर्षं त्याने ७२ सुखाने चालवलं. मग एका रविवारी कंपूतल्या एका पोराने सहज सांगितलं, "काका, वजन कमी लिहिलं की वॅटही कमी येतात." वॅटोबाच्या हातातला भजीचा तुकडा हवेत राहिला. इतकी वर्षं तो स्वतःच्याच आकड्यातून कापून घेत होता! त्या दिवशी गड उतरायच्या आत त्याने ७२ चे ८४ केले. तोच घाट, तीच ६२ मिनिटं, वॅट झाले १६३. वीस वॅट फुकट. आपलं वजन बारा किलोने वाढलं म्हणून सगळ्यांना चहा पाजणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

आनंद संध्याकाळपर्यंत टिकला. संध्याकाळी त्याने भागाकार केला. सायकलवाल्यांत नुसत्या वॅटला मान नाही. किलोमागे किती वॅट, हे विचारतात, आणि ते १.९९ वरून १.९४ वर उतरले होते. कारण उघड आहे. डोंगर किती उंच आणि घड्याळ काय म्हणतं, हे दोन ठरले की किलोमागचा आकडा जवळजवळ ठरूनच जातो. वजनाबद्दल खरं बोला नाहीतर खोटं, फरक पडतो तो दुसऱ्या दशांशात. एखाद्याने हा निसर्गाचा न्याय म्हणून सोडून दिला असता. वॅटोबाने दुसरं खातं उघडलं. एका खात्यात तो ८४ किलोचा आहे, तिथले वॅट तो आता सांगतो. दुसऱ्यात ७२ किलोचा आहे, तिथलं गुणोत्तर सांगतो. एकशे त्रेसष्ट आणि एक पॉइंट नव्व्याण्णव हे दोन आकडे एकाच माणसाचे असू शकत नाहीत, हे ज्याच्या लक्षात येईल त्याच्यासाठी वाक्य तयार आहे.

वहिनींना वॅटमध्ये रस नव्हता. पण आकडा रोज कानावर पडायला लागल्यावर एकदा त्यांनी स्वयंपाकघरातून विचारलं, "अहो, म्हणजे किती हो?" वॅटोबा खुलला. ताकद म्हणजे काय, ऊर्जा म्हणजे काय, सगळं सांगितलं. वहिनींनी मिक्सर उलटा करून बुडाखालची पट्टी वाचली. ७५० वॅट. "म्हणजे तुम्ही पूर्ण दमून गड चढलात तरी माझी चटणी वाटून होणार नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्यासारखे पाच जण लागतील." वॅटोबा हे आम्हाला सांगताना हसला नाही. मिक्सरवर लिहिलेले वॅट मिक्सर खातो ते असतात, प्रत्यक्ष पात्यापर्यंत पोचतात ते कमी, हा मुद्दा त्याने तीन वेळा मांडला. मुद्दा बरोबर आहे. चटणीचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

तसा अंदाजपंचे कारभार या एककाच्या रक्तातच आहे. जेम्स वॅटला अठराव्या शतकात वाफेची इंजिनं विकायची होती, आणि गिऱ्हाईक घोडे बाळगणारं. तेव्हा तुमच्या किती घोड्यांचं काम हे करील ते सांगायला त्याने एका घोड्याची ताकद ठरवली, मिनिटाला ३३,००० फूट-पौंड. आजच्या हिशेबात ७४६ वॅट. हात इतका सैल सोडला होता, की साधा घोडा दिवसभर तेवढं ओढू शकत नाही. वॅटोबाला मी म्हटलं, ज्याच्या नावाने तू उठतोस-बसतोस त्यानेही धंद्यासाठी आकडा फुगवला होता. तो म्हणाला, "त्याचं वेगळं. त्याच्याकडे ॲप नव्हतं."

सपाटीवर मात्र वारा हाच मुख्य धनी. हवेची मागणी वेगाच्या घनाने वाढते. वेग दुप्पट केलात की हवा आठपट ताकद मागते. म्हणजे खडकवासल्याच्या सपाट रस्त्यावर त्याचं वाक्य शंभर टक्के खरं आहे. तिथे तो ते कधी म्हणतो, एवढंच बघायचं. आषाढात पश्चिमेचा वारा सुटलेला असतो. परतीच्या वाटेवर तो पाठीत येतो, आणि वॅटोबा ताशी ३६ ने पुण्याकडे सुटतो. ॲपला वारा दिसत नाही. त्याच्या मते हा मनुष्य निपचित हवेत ३६ ने चाललाय, म्हणजे किमान अडीचशे वॅट. प्रत्यक्षात ताशी १५ चा वारा ढकलत असेल तर पाय त्याच्या निम्मेही देत नसतात. टपरीवर उतरल्यावर आकडा जाहीर होतो, "दोनशे छप्पन्न!" आणि पुढे शांतता. वाक्य येत नाही. एकदा मीच विचारलं, "यात वारा धरलाय का रे?"

"आज वारा कुठे होता?" तो म्हणाला, आणि टेबलावरून उडालेला स्वतःचा पेपर पकडायला रस्ता ओलांडून धावला.

वेळेचंही तेच. सिंहगडाची ती ६२ मिनिटं हलत्या चाकाची आहेत. मधल्या वळणावर लिंबू सरबताला बारा मिनिटं जातात, ती ॲप आपोआप वगळतं. पण त्याच ॲपमध्ये ठरावीक टप्प्याची जी शर्यत असते, ज्याला सगळे सेगमेंट म्हणतात, तिथे सुरुवातीपासून शेवटापर्यंत घड्याळ थांबत नाही. सरबतासकट ७४ मिनिटं. वॅटोबाला हा उघड अन्याय वाटतो. "सरबत पिताना मी घाट चढतच नव्हतो, मग तो वेळ घाटात कसा धरता?" या युक्तिवादाला उत्तर नाही. म्हणजे आहे, पण देणाऱ्याचाच वेळ जातो.

पाषाणला झाडांखालून जाणारा एक तीनशे मीटरचा टप्पा आहे. त्यावर आमचा वॅटोबा ३१ सेकंद आणि कंपूतला दुसरा वॅटोबा ३० सेकंद. दोघांत गणपतीपासून दिवाळीपर्यंत अबोला होता. आता बघा, फोन सेकंदाला एक ठिपका टाकतो. या वेगाला दोन ठिपक्यांत दहा मीटरचं अंतर पडतं. मोकळ्या आभाळाखालीसुद्धा फोनची जागा चार-पाच मीटर इकडेतिकडे होते, दाट झाडीत आणखी. सुरुवातीची रेघ कोणत्या ठिपक्याला ओलांडली आणि शेवटची कोणत्या, यात एक-दोन सेकंद सहज वर-खाली होतात. तासाभराच्या घाटात ही चूक शोधून सापडणार नाही. अर्ध्या मिनिटाच्या शर्यतीत तिने दोन प्रौढ, नातवंडांच्या वाटेवरच्या माणसांना एकमेकांच्या घरी जाऊ दिलं नाही.

कात्रजच्या जुन्या बोगद्याची गोष्ट छोटी आहे. बोगद्यात उपग्रह दिसत नाहीत, आणि त्या दिवशी नकाशाने बोगद्याऐवजी त्याच्या डोक्यावरच्या डोंगराची उंची धरली. वॅटोबा रस्त्याने आत गेला, रस्त्याने बाहेर आला, आकड्यांत मात्र डोंगरावरून उडी मारून गेला. त्याने ती ताकद नम्रपणे स्वीकारली.

बोपदेवची मोठी आहे. घाटाच्या तळाशी त्याचं टायर असं फाटलं की पॅच लावायची सोय नाही. नारळाचा एक टेम्पो वर चालला होता, ड्रायव्हर भला होता, सायकल नारळांवर चढवली आणि वॅटोबा केबिनमध्ये बसला. ॲप बंद करायचं राहिलं. माथ्यावर उतरतो तोच फोन वाजला. अभिनंदन! या घाटावरचा आजवरचा सर्वांत कमी वेळ. सरासरी नऊशे वॅट. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढून जाणाऱ्याला घाटाचा राजा म्हणतात, त्या किताबासाठी पोरांनी फुफ्फुसं फाडलेली आहेत. आमचा वॅटोबा बोपदेवचा राजा झाला तो ड्रायव्हरबरोबर तंबाखूचे दुष्परिणाम या विषयावर बोलत. आता, फोन काढला आणि नोंद पुसून टाकली, असं कोणीही केलं असतं. वॅटोबाने ती दोन दिवस ठेवली. निव्वळ बघायला, असं त्याचं म्हणणं. तिसऱ्या दिवशी ग्रुपवर कोणीतरी तो आकडा टाकला आणि खाली लिहिलं, "यात टेम्पो धरलेला नाही."

तोवर वाक्य सायकलीवरून उतरून संसारात शिरलं होतं. मुलीला सीईटीत अपेक्षेपेक्षा कमी पडले, पाहुण्यांनी विचारलं, वॅटोबा उत्तरला, "यात वारा धरलेला नाही." जेवणानंतरची साखर १८० आली. डॉक्टरांनी रिपोर्टावरून नजर वर केली. "यात," वॅटोबाने सुरुवात केली, आणि डॉक्टर, जे स्वतः आमच्याच कंपूत आहेत, म्हणाले, "धरलाय. सगळा धरलाय. गोळी सुरू करा." सोसायटीच्या निवडणुकीत तो चेअरमनपदाला उभा राहिला, अकरा मतं पडली. इथेही वाक्य आलं, तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "होता की वारा. उलटा होता." वहिनी बरेच दिवस ऐकून घेत होत्या. एका रात्री तो आमटीला मीठ कमी आहे म्हणाला. त्यांनी वाटी त्याच्यापुढे तशीच राहू दिली आणि ते वाक्य शांतपणे, एकही शब्द न बदलता, त्याला परत केलं.

बाहेरच्या जगातही हाच खेळ चालतो, फक्त तो करणाऱ्यांना तज्ज्ञ म्हणतात. २०२४ च्या टूर द फ्रान्समध्ये पोगाचारने प्लातो द बेयचा चढ चाळीस मिनिटांच्या आत संपवला आणि पान्तानीची १९९८ ची वेळ तीन मिनिटांहून जास्त फरकाने मागे टाकली. त्या रात्री जगभरचे हिशेबनीस त्याचे वॅट काढत बसले होते. वजन अंदाजे, वारा अंदाजे, आकडा दोन दशांशांपर्यंत. वॅटोबाही काढत होता. किलोमागे सातच्या जवळपास येतंय म्हणाला. मग स्वतःच्या दोनकडे बघून थोडा वेळ गप्प बसला. "तिकडे हवा थंड असते," एवढंच म्हणाला.

आता आमच्या कंपूतल्या दीडटक्क्याची ओळख करून द्यायला हवी. हिंजवडीत नोकरी, वय तिशीच्या आत, आणि सायकलीच्या क्रँकमध्ये खरंखुरं पॉवर मीटर. उलरिश शोबेरर नावाच्या जर्मन अभियंत्याने १९८६ मध्ये या यंत्राचा धंदा सुरू केला. पेडल दाबलं की धातू केसाच्याही अंशाने वाकतो, ते वाकणं मोजायचं आणि त्यावरून ताकद काढायची. इथे अंदाज नाही, गृहीत नाही. वारा, चढ, पुढच्याचा आडोसा, जे असेल ते पायात उतरतं आणि पायातलं यंत्रात. चूक दीड टक्क्याच्या आत, असं तो पहिल्याच भेटीत सांगतो, म्हणून हे नाव. दीडटक्का वॅटोबाच्या आकड्यांना हसतो, आणि त्याचं हसणं शास्त्रशुद्ध आहे. मात्र या मुलाला वाऱ्याच्या दिवशी कोणी कधी पुढे पाहिलेलं नाही. पुढे जा म्हटलं की तो हँडलवरच्या पडद्याकडे बघून सांगतो, "सॉरी काका, आज माझा झोन टू आहे." म्हणजे आज हलक्या मेहनतीचा दिवस; पुढे गेलं की आकडा त्या झोनच्या बाहेर जातो. वाऱ्याची खरी किंमत आमच्यात त्याच्याइतकी कोणालाच माहीत नाही, म्हणून तो ती कधी देत नाही.

आणि आता नाइलाजाने मला नानांची गोष्ट सांगावी लागणार. ती सांगितली नाही तर हा लेख जास्त विनोदी होईल, पण ती झालेली आहे.

नाना आमच्यातले सर्वांत वडीलधारे. अँजिओप्लास्टीनंतर डॉक्टरांनी सायकलला परवानगी दिली ती बऱ्याच महिन्यांनी, आणि पहिलीच लांबची राईड पानशेतची निघाली. आषाढातला रविवार. खानापूर सोडलं आणि धरणाच्या पाण्यावरून वारा असा आला की बोलणंही तोंडातच राहत होतं. तरणी पोरं पुढे निघून गेली. दीडटक्का आपल्या झोनमध्ये कुठेतरी सुरक्षित होता. नाना शेवटी, आणि त्यांच्या बरोब्बर पुढे, चाकाला चाक लागेल इतकं अंतर ठेवून, वॅटोबा. जाड्या माणसाचा आडोसा चांगला पडतो. मागे चिकटून चालवणाऱ्याची पाव ते एक तृतीयांश मेहनत वाचते, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. वॅटोबा त्या दिवशी वेग वाढवत नव्हता. दर थोड्या वेळाने काखेखालून मागे बघायचा, नानांचं चाक आहे ना याची खात्री करायचा, मग पुन्हा मान खाली. उजवीकडून झोत आला की रस्त्याच्या जरा त्या बाजूला सरकायचा, म्हणजे नाना आडोशातच राहावेत. पानशेतपर्यंत हेच. एकदाही त्याने कोणाला 'आता तू ये पुढे' म्हटलं नाही. मी जवळच होतो. मलाही नाही म्हटलं.

हा हिशेब मी नंतर घरी केला. ताशी २० चा वेग, समोरून ताशी २० चा वारा. ॲपच्या निपचित हवेत याचे ६२ वॅट होतात. खरे लागतात १७० च्या घरात, सिंहगडाच्या चढापेक्षाही जास्त. आणि मागे आडोशात बसलेल्या नानांनाही त्यांच्या फोनने जवळपास तेवढेच ६२ देऊ केले, कारण वेग तोच, रस्ता तोच.

पानशेतला चहाच्या वेळी सगळ्यांचे फोन निघाले. नाना सोडले तर त्या दिवशीचा सर्वांत कमी आकडा वॅटोबाचा होता. पोरांनी सोडलं नाही. "काका, बासष्ट? झोपेत चालवलीत का?" दीडटक्क्याने तर त्या वाक्याची आयती वाट करून दिली, आणि आम्ही सगळे ते ऐकायला तयार बसलो. त्याच्या आयुष्यात ते वाक्य इतकं खरं पूर्वी कधी नव्हतं आणि पुढेही असणार नव्हतं. वॅटोबाने बिस्किट चहात बुडवलं. "आज पाय नव्हते रे," म्हणाला, आणि नानांना विचारलं, गोळी घेतली का.

परतीला वारा पाठीत होता. त्याने दोनशे सत्तर वॅट जाहीर केले. तेव्हा फार हुरळून जायचं कारण नाही.

या दिवाळीनंतर त्याचा पंचावन्नावा वाढदिवस आहे, आणि कंपूत वर्गणीची भाषा सुरू झाली आहे. सगळ्यांनी मिळून त्याला खरं पॉवर मीटर द्यायचं. कल्पना दीडटक्क्याची. हेतू चांगला असावा. यंत्र लागलं की दोन खाती बंद होतील, टेम्पो, बोगदा, लग्नातलं वजन, सगळ्याचा निकाल लागेल. पानशेतच्या रस्त्यावर पडद्यावर १७० दिसतील, आणि ते कोणासाठी खर्च होतायत हेही त्याला तिथल्या तिथे, सेकंदाला एकदा, कळत राहील. मग एखाद्या आषाढात त्याचाही झोन टू निघेल. माझी वर्गणी मी दिलेली नाही. नानांनीही दिलेली नाही. तुमच्या कंपूतल्या वॅटोबाचा वाढदिवस जवळ आला असेल तर तुम्हालाही विनंती आहे: शाल द्या, श्रीफळ द्या, फार तर एक चांगला वजनकाटा द्या. मीटर देऊ नका.